अर्धा गुण

हर्सूलच्या औषध दुकानाच्या पायऱ्या चढताना करुणाताईंनी कठड्याला धरलं. आठवडाभर अशीच भोवळ येत होती. ऊन मेलं बाधलं असणार, असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला. नाहीतरी आजच्या सोंगाला ती भोवळ शोभणारीच होती.

तीस वर्षं फार्मसी शिकवून निवृत्त झालेल्या करुणाताई आता खोट्या पेशंट होऊन फिरत. औषध दुकानदारांच्या प्रशिक्षणाचा हा शेवटचा पेपर, आगाऊ न सांगता घेतला जाणारा. अडाणी म्हातारी दिसावी म्हणून त्यांनी चष्मा घरीच ठेवला होता आणि निघताना खुंटीवरची कापडी पिशवी घाईघाईत उचलली होती. परीक्षेच्या पिशवीत त्यांनीच पेरलेली चूक होती: अंगदुखीच्या दोन गोळ्या, नावं निराळी, आत औषध एकच.

काउंटरमागे रिझवान होता. गेल्या खेपेला दुसऱ्या परीक्षकाला काही न विचारता गोळ्या देऊन तो नापास झाला होता. आज पुन्हा घसरला, तर सगळं प्रशिक्षण पहिल्यापासून. पोरगा सुटावा असं करुणाताईंना मनापासून वाटत होतं.

“लेकरा, ह्या गोळ्या सरत आल्या. अजून दे. लई घाई हाय, करमाडची बस निघंल.”

“बस दुसरी मिळंल, आजी. पिशवी रिकामी करा इथं.”

त्यानं एकेक पाकीट उलटसुलट करून वाचलं. करुणाताईंना नुसती चकाकी दिसत होती.

“कुणी लिहून दिल्या?”

“दोन डाक्टर हायेत माझे.” त्या स्वतःही दोन डॉक्टरांकडे जात, त्यामुळे हे उत्तर सहज जमलं.

“एकाला दुसऱ्याचं ठावं हाय?”

“नाय बा.”

“तरीच! ह्या दोन्ही एकच दवा हाय, आजी. कंपनी वेगळी, एवढंच. तुम्ही दुप्पट खाताय.”

करुणाताईंचा ऊर भरून आला. तेवढ्यात तो म्हणाला, “चक्कर येते का?”

त्या अडखळल्या. “येते की,” खरं तेच तोंडून निसटलं.

त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. “आपल्या मनानं काही बंद करू नका. मी डॉक्टरांना आत्ता फोन लावतो.”

मग मात्र त्यांना राहवेना. हसत हसत त्यांनी कमरेला खोचलेला गुणांचा कागद काढला. “ठेव तो फोन! परीक्षक आहे मी. पास झालास, दहापैकी साडेनऊ!”

“या अल्ला!” रिझवाननं कपाळावरचा घाम पुसला. “अर्धा कुठं गेला, मॅडम?”

“पोटात जळजळ होते का, हे विचारायचं होतं. तू विचारलीस चक्कर.”

“पण मॅडम, ह्या गोळ्या तर...”

“परीक्षकाशी वाद नाही!” त्यांनी पाकिटं पिशवीत कोंबली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्या खुशीत निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी चष्मा चढवला आणि पिशवी टांगायला हात वर केला. खुंटीवर परीक्षेची पिशवी जशीच्या तशी लटकत होती; हातात होती ती त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची.