बाईमाणसाशेजारी बसा

चौकड्यांच्या शर्टवाल्यानं तिसऱ्यांदा मागं वळून पाहिलं, तेव्हा शालूनं पर्स मांडीवर ओढून घेतली.

तो पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, मांडीवर बियाण्याची पिशवी. वळायचा, शालूकडं बघायचा, तिच्या शेजारी बघायचा, पुन्हा शालूकडं, आणि झटकन समोर. जालना सोडून अर्धा तास झाला होता. काळीपिवळी जीपमध्ये बारा माणसं कोंबलेली, तरी शालूला एकटं वाटायला लागलं.

भावनाताईंनी हे सगळं सांगून ठेवलं होतं. भावनाताईंचं मोबाईलवर चॅनल होतं. सोमवारी खऱ्या खुनाची गोष्ट, बुधवारी प्रवासाच्या टिप्स, शुक्रवारी चेहऱ्याचा लेप आणि नवऱ्याचं मन कसं जपावं. शालू भाकरी थापताना तिन्ही ऐकायची. लेप काही तिला जमला नाही, पण खुनाचे प्रकार तोंडपाठ झाले होते.

गाडीत बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढून घरी पाठवा. पाठवला होता. बाईमाणसाशेजारी बसा. बसली होती. अनोळखी पुरुषाशी एक शब्द बोलू नका, अंगावर आला तर चारचौघांत ओरडा. ते अजून बाकी होतं.

शेजारच्या मावशी आधी पुढच्या खिडकीपाशी उभ्या राहून, हात लांब करून मोबाईल बघत होत्या आणि जीप सुटता सुटता चढल्या होत्या. साठीच्या, नऊवारीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. "सरक गं माय," म्हणाल्या आणि बसल्या. त्यानंतर चूपचाप. कोणाच्या घरची, माहेर कोणतं, लेकरं किती, काही नाही. आपल्याकडं शेजारी बसलेली बाई एवढं विचारल्याशिवाय एक गाव ओलांडू देत नाही. खोटं नाव सांगायचं म्हणून शालूनं एक नाव ठरवूनही ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. तिला मावशी फार आवडल्या.

पर्समध्ये सातबारा होता आणि आधार कार्ड. तीनच्या आत जाफराबादच्या रजिस्ट्री ऑफिसात पोहोचायचं होतं. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायची सही आज व्हायची होती. भाऊ तिथं वाट बघत होता. रान डांबरी रस्त्याला लागून होतं. त्यामुळं तिचा नवरा भागवत, आपल्या लेकरांचा वाटा जातोय म्हणून, महिनाभर तोंड फुगवून बसला होता. मग गेल्या आठवड्यात आपणच म्हणाला, "जा, करून टाक सही. बहीण-भावात कटकट नको." शालूला भरून आलं होतं. शुक्रवारचे व्हिडिओ कामी आले असंच तिला वाटलं. भावनाताईंची टिंगल करणारा भागवत हल्ली फोटो पाठवायची आठवणही करून द्यायचा.

तिनं त्याला फोन लावला. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "अहो, पुढं एक माणूस सारखं मागं बघून राह्यला."

"घाबरू नको. बाजूला कोण हाय?"

"एक मावशी हायत."

"मंग त्यांनाच धरून राहा. राजूरला उतरली की फोटो टाक."

त्याच्या आवाजानं तिला जरा धीर आला.

राजूरला गाडी बदलायची होती. शालू उतरली आणि मावशींचा हात धरून भरभर चालू लागली. मागून चपलांचा आवाज आला. तिनं वळून बघितलं नाही.

"ताई, एक मिनिट. जरा बाजूला या, तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

चौकड्यांचा शर्ट अगदी जवळ आला होता. शालूनं जीव एकवटून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"काय लावलंय? जालन्यापासून मागं लागलाय!"

माणसं धावली. रसवंतीवाला आला, दोन ड्रायव्हर आले. एकानं त्याची कॉलर धरली. "बाईमाणसाला छेडतो का रे?"

"न्हाई हो, मी फक्त..." तो शालूकडं बघत हात जोडू लागला. कोणी ऐकलं नाही. त्याला ढकलत रस्त्यापलीकडं नेलं. तिथूनही तो टाचा उंचावून बघत होता. शालूनं त्याच्याकडं पाठ फिरवली. खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही वाटत होता.

"चांगलं केलं माय," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाण्याची बाटली दिली. "आता एकटी जीपमधी कशाला बसतीस? माझा भाचा चारचाकी घेऊन येऊन राह्यला. जाफराबादलाच चाललो आम्ही."

शालू लगेच हो म्हणाली नाही. घरी विचारल्याशिवाय कोणाच्या गाडीत बसायचं नाही, हे ती शिकली होती. लिंबाखाली उभं राहून तिनं मावशींसोबत आपला फोटो काढला, भागवतला पाठवला आणि खाली सगळं लिहिलं. उत्तर लगेच आलं. बरं झालं. बिनधास्त जा.

पांढरी गाडी आली. भाच्यानं नमस्कार केला. मावशींनी आधी शालूला आत बसवलं, मग स्वतः शेजारी बसून दार ओढलं. गाडी गावाबाहेर पडली. चौकड्यांचा शर्ट कुठंच दिसत नव्हता. शालूनं डोळे मिटले आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मावशींचा मोबाईल वाजला. त्यांनी तो कंबरेच्या पिशवीतून काढला. जवळचं दिसत नसावं, कारण त्यांनी तो हात लांब करून, अगदी शालूच्या तोंडासमोर धरला.

पडद्यावर लिंबाखालचा फोटो होता. तो शालूनं एका भागवतलाच पाठवला होता.

फोटोखाली लिहिलं होतं, "बसली का?"

मावशींनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं, "बसली."