तुलनेचा दिवा

दीर्घिका आपल्यापासून दूर जाते म्हणून तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे सरकतात. पण ती स्वतःभोवती फिरतेही, म्हणून एक कड जास्त सरकते, दुसरी कमी, आणि रेषा तिरकी दिसते. कॉलेजात शिकताना हे काही केल्या त्या मुलीच्या डोक्यात शिरेना, तेव्हा सरांनी फिरत्या खुर्चीत बसून, हात पसरून, चक्क गिरकी घेतली होती.

"हा हात तुझ्याकडे येतोय, म्हणजे निळा. हा पळतोय, तो तांबडा. आणि हा अख्खा म्हातारा खुर्चीसकट तुझ्याकडे आला, तर?"

"सगळंच निळं, सर!" ती हसत सुटली होती.

त्या एका गिरकीवर तिची वेधशाळेतली नोकरी उभी राहिली. आभार मानायचे मात्र राहूनच गेले. सर मागच्या वर्षी गेले.

आज सकाळी वेधशाळेत तिने नेहमीसारखी आधी पडद्यावर तुलनेच्या दिव्याची रेषा पाहिली. दिवा टेबलाला स्क्रूने आवळलेला. त्याची रेषा सरळच हवी. तिच्यावरूनच तर दीर्घिकेचं सरकणं मोजायचं.

रेषा तिरकी होती.

तिने दिवा हलवून पाहिला. तो जागचा हलेना. कोपऱ्यात तिने आठवण म्हणून आणून ठेवलेली सरांची रिकामी फिरती खुर्चीही स्तब्ध होती.

भीतीने गाळण उडायची, तर तिला सरांची ती गिरकीच आठवली.

"सर, तुम्ही होतात म्हणून मी इथे आहे," ती म्हणाली.

पडद्यावरची रेषा हळूहळू सरळ झाली. तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

मग ती सरळ रेषा, अख्खीच्या अख्खी, निळ्याकडे सरकू लागली.