निंबावरच्या कामट्या

“तिच्या पायाले हात लावू नको!”

पंजाबराव असे ओरडले की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुंपणापार गेल्या. खाटेवर बसलेल्या सुरभीने दचकून सलवारीचा पाय खाली ओढला. दीपा सिस्टरने हात मागे घेतला, पण ती जागची उठली नाही.

ती महिन्याभरापूर्वीच गावच्या उपकेंद्रात बदलून आली होती. पोरं वाढवायच्या वयात शिकून, उशिरा नोकरीला लागलेली बाई. सकाळी तिने शाळेत हाडांच्या कॅन्सरची लक्षणं सांगितली, लंगडत घरी जाणारी सुरभी पाहिली, आणि थेट तिच्या मागोमाग आली. आता पंजाबराव म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले हाडवैद्य. लोक तालुक्याच्या डॉक्टरला टाळून त्यांच्याकडे यायचे. त्यांच्याच घरात, त्यांच्याच नातीचा गुडघा एक नर्स तपासते म्हणजे काय? म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सिस्टरने सुरभीलाच विचारलं, “पडली होती का तू?”

“नाही.”

“दुखते कधी?”

“रातीच जास्त. झोपच येत नाही.”

सुरभीची आई रुपाली सैपाकघराच्या दारात उभी होती. यवतमाळच्या दवाखान्यात जायची पिशवी तिने सकाळीच भरली होती आणि सासऱ्याच्या भीतीने पदराखाली धरली होती. ती हळूच म्हणाली, “सूज उतरूनच नाही राह्यली, ताई. तेल चोळलं का अजून गरम लागते.”

“तू चूप बस!” पंजाबराव तिच्यावर खेकसले. “तुले काय समजते हाडाचं?”

“बापूजी,” सिस्टर म्हणाली, “मार नाही, पडणं नाही, तरी गुडघ्याच्या वर सूज आहे. वाढून राह्यली. रातचा ठणका आहे. या वयाच्या लेकराले असं असलं त चोळाचं नसते. आधी एक्स-रेचा फोटो काढाचा. कदाचित काही नसनही. पण असलं त हाड आतून पोखरते, अन् साध्या ठेचेनं मोडते. मंग हातात काही राहत नाही.”

“पोरीच्या तोंडावर कॅन्सर म्हणून राह्यली? लाज वाटते का काही?” पंजाबराव ताडकन उठले. “चाल! मांगं चाल, दाखवतो तुले!”

मागच्या दाराची चौकट बुटकी होती. नवीन माणसाचं कपाळ तिथे हटकून आपटायचं, म्हणून पंजाबराव दर वेळी “वाका” म्हणायचे. आज रागात ते विसरले. सिस्टर आपसूक वाकली आणि बाहेर आली.

मागे मोठा निंब होता, आणि त्याच्या फांद्यांना बांबूच्या कामट्यांच्या जुड्या लटकत होत्या. पंजाबराव पेशंटच्या पायाला कामट्या बांधायचे, त्या त्याच्याच घरच्या जुन्या कापडाच्या पट्टीने. पाय बरा झाला की त्या परत आणून निंबाला बांधायच्या, असा त्यांचा रिवाज. त्यांच्याकडे पाटी नव्हती, डिग्री नव्हती. जे काही होतं ते हे झाड.

“पाह्य! एकेक जुडी म्हणजे एकेक उभा पाय. ते पिवळं फडकं दिसते, पोपटं छापलेल्या साडीचं? ढाणकीची पोरगी होती. आपल्या सुरभीएवढीच. अशीच सूज, अन् इथंच. तिचा बाप गाडीवर बसवून आणे. डॉक्टरनं त्याले मोठ्या दवाखान्याची भीती घातलती. मी म्हटलं, माह्यावर सोड. अशी चोळली! पोरगी बोंबले, पण मी काही हात ढिला केला नाही.”

सिस्टर त्या पिवळ्या पट्टीकडे बघत होती.

“मंग?” तिने विचारलं.

“मंग काय, येणं बंद झालं. मी वावरात गेलतो, त एक दिवस तिची माय आली अन् कामट्या बांधून गेली. माही म्हातारी जित्ती होती तवा, तिनंच सांगतलं. बाई म्हणे डोये पुसत पुसत गेली. खुशीचं पाणी!”

“तुमी त्या पोरीले चालतानी पाह्यलं?”

“पाहाले कायले लागते? कामट्या आल्या ना परत!” पंजाबराव गरजले. “आता बोल! कुठं गेला तुहा कॅन्सर?”

रुपाली दारात येऊन ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

“अशीच सूज होती, मामाजी? अन् बरी झाली?”

“त मी काय खोटं सांगून राह्यलो?”

रुपालीने मोठा श्वास सोडला आणि हातातली पिशवी उंबऱ्यावर ठेवून दिली. “मंग राहू द्या, ताई,” ती म्हणाली. “मामाजीच करतीन बरं.”

ओसरीवरून सुरभीचं कण्हणं ऐकू आलं. पंजाबराव विजयाने मिशीवर हात फिरवत तेलाची बाटली आणायला वळले.

सिस्टरने टाचा उंचावल्या. इतक्या पावसाळ्यांत न सुटलेली ती पिवळी गाठ तिने एका झटक्यात सोडली.

“ए! हात नको लावू त्याले!” पंजाबराव ओरडले.

कामट्या छातीशी धरून सिस्टरने ती पिशवी उचलली आणि रुपालीच्या हातात कोंबली. रागाने तिचा आवाज फाटला होता.

“माहीच साडी आहे हे, बापूजी. माह्या आम्रपालीले माती देऊन आलो, अन् ह्या कामट्या घरात पाहवत नोत्या. तुमची म्हातारी म्हणे निंबाले बांध, म्हणून बांधल्या. पोरगी कशी आहे, हे कोणी इचारलंच नाही.”