दर दोन तासांनी

दुपारचे दोन वाजले आणि तिने झोपलेल्या मास्तरांची कूस बदलली.

एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेखाली, गुडघा खाटेला टेकवून हलकाच एक हिसका. मास्तर चांगले भारदस्त गृहस्थ, पण उताणे होते ते अलगद डाव्या कुशीवर आले. पाठीशी टॉवेलची गुंडाळी लागली, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी गेली. पाठीवर लाल चट्टा तर उठला नाही ना, हे बघायला तिने नवऱ्याचा शर्ट वर केला आणि तेव्हा कुठे ती भानावर आली. समोर समुद्र होता. वाळूत दोन लाकडी खाटा, त्यांच्या मध्ये रोवलेली एक मोठी छत्री, आणि अख्ख्या किनाऱ्यावर हे दोघं आणि एक खेकडा.

मास्तरांनी एक डोळा उघडला. "काय गं, काय चाललंय?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

"ही उशी कुणी घातली?"

मास्तरांनी उशीकडे पाहिलं, मागे हात नेऊन टॉवेल चाचपला. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. बायकोचा चेहरा वाचणं हा त्यांचा विषय नव्हे, पण या वेळी त्यांना तो वाचता आला. ते हळूच उठून बसले.

सहा वर्षं तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना अशीच कूस बदलून दिली होती. दहा, बारा, दोन, चार, रात्रीसुद्धा. सासूबाई जाऊन आता दोन महिने झाले. फोनमधला गजर तिने त्याच दिवशी बंद केला, अंगातला काही बंद होईना. सवयीला औषध नसतं. "वहिनी, आठवडाभर नुसती झोप काढ," असं म्हणत नणंदेने दोघांना या बेटाच्या बोटीत बसवून दिलं होतं. आज तिसरा दिवस. मऊ गादी, खिडकीत समुद्र, हाक मारायला कुणी नाही, आणि बाई टक्क जागी.

बिचाऱ्या गजरालाच सगळा दोष देण्यात अर्थ नव्हता. सासूबाई गेल्या त्या सकाळी ती रडली होती, अगदी मनापासून. पण डोळे पुसता पुसता मनात आलं ते एवढंच, की सुटले. आई सुटल्या असं नाही. मी सुटले. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. ज्याची आई गेली त्याला तर हे कुठल्या तोंडाने सांगायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मास्तर जरा गप्प बसले, की तिला वाटायचं, यांना कळलं.

आत्ताही ते गप्पच होते.

"अहो," ती समुद्राकडे बघत म्हणाली, "मला सुटल्यासारखं वाटतंय."

मास्तरांनी चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला.

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून."

"मग तू मागे आहेस," मास्तर म्हणाले. "आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले ना, आता फार वेळ नाही म्हणून? मला तेव्हापासूनच वाटतंय. आणि मी तर पोटचा मुलगा."

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. दोन महिने हा माणूसही शेजारी असाच तोंड मिटून पडला होता, तिला कळेल म्हणून घाबरत. तिचा जीव भांड्यात पडला. आधी हसू आलं, मग त्यातच थोडं रडू आलं. मास्तरांनी पाठीमागचा टॉवेल ओढून काढून तिच्या हातात दिला.

"हो आडवी," ते म्हणाले. "आता माझी पाळी. दर दोन तासांनी कूस बदलून देतो."

"तुम्ही? सहा वर्षांत दोनदा बदललीत, आणि दोन्ही वेळा आईंचा हात अंगाखाली अडकवलात."

"बरं, नाही हात लावत. झोप तू."

ती आडवी झाली. पाच मिनिटं डोळे मिटून बघू, असं तिने ठरवलं.

जाग आली तेव्हा सूर्य पाण्याला टेकायला आला होता. दोन तास कधीच उलटून गेले होते, चारही होत आले होते, आणि अंगातला गजर एकदाही वाजला नव्हता. गालावर खाटेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते, उजवा हात बधिर झाला होता. म्हणजे ती इतका वेळ एकाच कुशीवर झोपली होती. पण ऊन कुठेच लागलं नव्हतं. ती अजूनही सावलीतच होती.

छत्री मात्र जागेवर नव्हती. ती पार पुढे, पाण्याच्या दिशेने गेली होती, आणि तिरकी झाली होती. तिच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून मास्तर वाळूत बसले होते. नाक उन्हाने लालभडक झालेलं, मान छातीवर पडलेली. बसल्या बसल्या घोरत होते.

तिच्या खाटेपासून त्यांच्यापर्यंत वाळूत दांड्याची भोकं होती, एकापुढे एक. तिने ती मोजली. सात होती.

तिने मास्तरांना हाक मारली नाही. आपली आपणच कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.