म्हसोबाचं छत

आर्किटेक्ट शेजूळ आठवडाभर शहरात फ्लॅटचे नकाशे काढायचे आणि रविवारी जुन्या देवस्थानांच्या गोष्टी सांगणारे व्हिडिओ करायचे. करमाडजवळच्या म्हसोबाची गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच एक बेतली: या देवाला डोक्यावर छत चालत नाही, बांधलं की कोसळतं. व्हिडिओ तुफान चालला, म्हसोबाला गर्दी होऊ लागली.

गर्दी पाहून गावचे सरपंच आप्पासाहेब यांनी तिथं मंदिर बांधायचं ठरवलं. गडी मोबाईल फक्त बोलायला वापरणारा, व्हिडिओ काही पाहिलेला नव्हता. काम त्यांनी नेमकं शेजूळांनाच दिलं. शेजूळांचं आयुष्यातलं पहिलं देऊळ! हौसेनं काढलेला शिखराचा नकाशा त्यांनी गावापुढं पसरला, तशी म्हातारी बानाबाई उठली.

"छत नको. देवाला चालत नाय."

"अहो आजी, ती गोष्ट खोटी आहे. मीच रचलीय."

"आसं कसं?" बानाबाई हसली. "नातवाच्या मोबाईलमधी दर बारीला तुमीच तर म्हणता, गोष्ट मी रचत नाय, देवच माझ्या तोंडून वदवून घेतो."

आप्पासाहेबांनी नकाशाची गुंडाळी केली आणि भक्तिभावानं शेजूळांच्या पाया पडले.