सातानं गुणल्यावर

“आता याच आकड्याला दोनानं गुणायचं,” सुजित सर म्हणाले आणि पडद्यावरच्या १४२८५७ कडे त्यांनी कौतुकानं पाहिलं.

चाकणच्या कंपनीचं कॅन्टीन. समोर टेम्पररी कामगार, ओव्हरटाइम बुडवून बसवलेले. भर उन्हाळ्यात कोट घातलेले एचआरचे हे साहेब आदल्या दिवशी मोबाइलवर पाहिलेला व्हिडिओ स्वतःचाच शोध असल्याच्या थाटात सांगत होते.

दोनानं गुणल्यावर आलं २८५७१४. तीनानं ४२८५७१. सहापर्यंत तेच अंक, फक्त जागा बदललेल्या.

“याला म्हणतात टीम! आज प्रेसवर, उद्या पॅकिंगला. जागा बदलते, माणसं तीच. या वेळी ब्रेक देऊन कुणाला घरी बसवणार नाही. तुम्ही आमचं कुटुंब आहात!”

सुपरवायझरांनी टाळ्या पिटल्या. त्यांना पगार त्याचाच मिळतो.

भाग्यश्रीनंही वाजवल्या. तिला हे खरं व्हायला हवं होतं. या पट्ट्यात टेम्पररीला सात महिने झाले की नारळ देतात, म्हणजे कायम करायची कटकट नको. जालन्याहून आल्यापासून ती अशीच एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरत होती. भोसरीच्या बरकतभाईंनी त्यांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तिला कायमची जागा देऊ केली होती. पगार थोडा कमी, पण डोक्याला घोर नाही. आज दुपारपर्यंत कळव, म्हणाले होते. आणि ही बाई त्या कोटाच्या भरवशावर थांबलेली. वेडीच!

“सर, सातानं गुणा ना,” ती म्हणाली. “आमचा सातवा महिना चालू आहे.”

हशा पिकला. सरही खूश झाले. व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नसावा. ऐटीत बटणं दाबली.

९९९९९९.

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण असल्यांची जीभ फार वेळ अडत नाही.

“बघा! सगळे नऊ! सर्वांत मोठा अंक! म्हणजे सातव्या महिन्यात प्रगतीच प्रगती!”

पुन्हा टाळ्या. या वेळी भाग्यश्रीचे हात मांडीवरच राहिले. ती पडद्यावर आधीचे अंक शोधत होती.

“सर, मग सातव्यानंतरचं लेटर कधी देताय?”

“पॉझिटिव्ह राहा ना, मॅडम,” सर म्हणाले आणि घाईघाईनं त्यांनी पुढची स्लाइड लावली.

ती उठली. दाराबाहेर येऊन तिनं फोन लावला.

“बरकतभाई, उद्यापासून येते.”

“बेटा, पण तिकडं परमनंट करणार होते ना?”

“म्हणतात तसं. पण आत्ता त्यांनीच गणित करून दाखवलं, भाई. सहापर्यंत सगळे तेच असतात. सातव्याला त्यातला एकही उरत नाही.”