खालून चौथं बटण

“मले मत देऊ नका, आत्या,” देवानंद म्हणाला.

तानाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदराला हात पुसले आणि भाच्याकडे नीट पाहिलं. बाहेर संध्याकाळ उतरत होती. प्रचार कालच बंद झाला होता, मतदान उद्यावर आलं होतं, आणि हा उमेदवार वस्तीत घरोघर फिरून स्वतःचीच मतं परत करत होता.

पक्ष नवा होता. त्याचा पुढारी सभेत काय वाट्टेल ते देऊन टाकायचा. वीज फुकट, एसटी फुकट, गायरानाचा सातबारा हातात. टाळ्या पडायच्या. देवानंदही टाळ्या घ्यायला शिकला होता. देऊळघाटच्या सभेला मैदान अपुरं पडलं, तेव्हा त्याला वाटलं, आपण निवडूनच आलो.

मग परवा टीव्हीवर चार जाणकार बसले. ते म्हणाले, या पक्षाचा एकही माणूस दिल्लीत जाणार नाही, पण दिल्लीत कोण जाणार ते हाच पक्ष ठरवेल. देवानंदनं बोटांवर हिशेब केला. त्याच्याकडे येणारी सगळी मतं जुन्या पक्षाच्या किसनरावांची होती. ती फुटली की आताचा खासदार पुन्हा निवडून येत होता. आणि त्या खासदारानं भर सभेत सांगितलं होतं, या खेपेला गायरान मोकळं करून कंपनीला देणार. तानाबाईचं रान गायरानातच होतं. वस्तीतली निम्मी घरं त्याच जमिनीवर जगत होती. उमेदवारी मागे घ्यायची मुदत मात्र केव्हाच टळली होती.

“तुले कोनं धमकावलं?” तानाबाईनं विचारलं.

“कोनी नाही.”

“मंग इकत घेतलं काय?”

“आत्या! मी माह्या मनानं सांगून राह्यलो. किसनरावले द्या मत. नाही त तुमचं वावर जाते.”

शेजारची सोजराबाई पीठ मागायला आली होती, ती दारातच थबकली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ती नजर देवानंदला अजिबात आवडली नाही.

“तूच सांगतलं होतं ना इहारात?” तानाबाई हळू आवाजात म्हणाली. “शेवटच्या दिवशी बोंब उठवतीन, उमेदवार बसला म्हनून. इश्वास ठेवू नका.”

“हाव, पन ते...”

“आन म्हनला, मी सोता येऊन सांगतलं तरी आयकू नका. समजा, देवानंदले दाबलं.”

तो म्हणाला होता. त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी त्याच वाक्याला पडली होती. वाक्यही त्याचं नव्हतं, पुढाऱ्याच्या भाषणातून उचललेलं होतं. पुठ्ठ्याची खोटी मशीन करून त्यानं वस्तीतल्या बायांना बुद्धविहारात बसवून शिकवलं होतं. वाचता येत नसेल तर नसू दे, खालून चौथं बटण, शिट्टीचं चिन्ह. शिकवायला तो पहिल्यापासून चांगला. आता त्याला स्वतःचाच राग आला.

“बाबासाहेबाची शपथ, आत्या,” तो म्हणाला. “कोनी दाबलं नाही मले.”

तानाबाईनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

“पाय वं सोजरा,” ती म्हणाली. “बाबासाहेबाची शपथ घ्याले लावली पोराले. केवढं भेव दाखवलं असन!”

सोजराबाईनं मान हलवली आणि पीठ न घेताच मागच्या दारानं निघून गेली.

खुंटीला ती पुठ्ठ्याची मशीन टांगलेली होती. देवानंदनं ती ओढून काढली. “हे फाडतो मी. मंग त पटन तुले?”

“फाड.” तानाबाई त्याच्याजवळ सरकली. “दारात उभा राहून फाड, म्हनजे त्याइले दिसन. हाय का कोनी बाहीर?”

त्यानं नकळत बाहेर पाहिलं. गल्लीत एक बकरी उभी होती, बाकी कोणी नव्हतं. त्यानं पुठ्ठा फाडला, पुन्हा फाडला, तुकडे चुलीत टाकले. चिन्हाची शिट्टी आधी काळी पडली, मग जळाली.

तानाबाईनं डोळे मिटले. हात छातीइतका वर नेला आणि हवेत बोट टेकवत गेली. एक, दोन, तीन, चार. बोट थांबलं.

“आमाले पाठ हाय बाबू,” ती म्हणाली. “आपल्या वस्तीचं नाव पयल्यांदा मशिनीत आलं. आमी काय उल्लू हावो? तू नोको घाबरू. घरोघर जा, तोंडानं नाही म्हन. आमी समजून घेतो.”

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला रडू यायला लागलं, आणि ते पाहून तिची उरलीसुरली शंकाही गेली.

देवानंद बाहेर पडला. अजून अर्धी वस्ती राहिली होती. तो जवळजवळ पळतच पुढच्या घराकडे निघाला. दोन घरांच्या बोळातून सोजराबाई पदर सावरत परत येताना दिसली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या घरचे पुंजाजी दारातच उभे होते. देवानंदनं तोंड उघडलं, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“काई बोलू नको लेका,” ते पुटपुटले. “समजलं.”